घरातल्या एअर क्वालिटी मॉनिटरचे आकडे पटत नाहीत? तक्रार करण्याआधी हे तपासा

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आम्ही राहतो. समोरचा रस्ता खणून ठेवला आणि सासूबाईंचा दमा वाढला, तेव्हा घरात हवेचा मॉनिटर आणला. दमा राहिला बाजूला, पहिला महिना त्या मॉनिटरशी भांडण्यातच गेला. रोज सकाळी साडेसहाला आकडा ४० वरून १९० वर जायचा. यंत्र खराब आहे म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालून बदलून आणलं, तर नवंही तेच दाखवायला लागलं. शेवटी एकदा त्याच वेळेला कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तेव्हा कारण दिसलं. दोन घरं सोडून असलेल्या बंगल्यात थंडी पडली की तांब्याचा बंब पेटतो. लाकडाचा धूर थेट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे येत होता.

उलट, बेडरूममधला कार्बन डायऑक्साइडचा आकडा पाहून मी निवांत झोपत होते, तो सपशेल चुकीचा निघाला. म्हणजे ज्या आकड्यावर चिडले तो बरोबर होता आणि ज्यावर विसंबले तो चूक. तुम्ही नुकताच मॉनिटर घेतला असेल आणि डोकं फिरलं असेल, तर खालच्या क्रमाने जा. क्रम मोडू नका. मी आधी शेवटची पायरी केली होती, म्हणून सांगते.

हाताशी काय हवं

- एक वही. ॲपमध्ये आलेख असतो, पण घरात त्या वेळी काय चाललं होतं हे ॲपला कळत नाही
- वेगळा छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता आणि तापमान दाखवणारा साधा, स्वस्तातला चालेल)
- घट्ट झाकणाचा डबा आणि थोडं मीठ
- एक अगरबत्ती
- कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा
- पॉवर बँक
- मोबाईलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप
- बिल, वॉरंटी कार्ड आणि यंत्राच्या मागच्या सिरियल नंबरचा फोटो. हा फोटो आजच काढा, ते स्टिकर पुसट होतं

१. आत नेमका कोणता सेन्सर आहे ते शोधा

पेटीवर 'सात गोष्टी मोजतो' असं लिहिलेलं असतं. मोजतो की अंदाज करतो, हा खरा प्रश्न. माहितीपत्रकात किंवा कंपनीच्या पानावर सेन्सरचं नाव शोधा.

पीएम २.५ साठी (हवेतले अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे अतिबारीक कण) घरगुती यंत्रांत बहुधा लेसरचा सेन्सर असतो. छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसरच्या झोतातून कण जातात, त्यांच्यावरून विखुरलेला प्रकाश मोजून वजनाचा हिशेब होतो. म्हणजे यंत्र कणांचं वजन करत नाही, प्रकाशावरून वजन ताडतं. प्लॅनटॉवरचा पीएमएस ५००३ हा पुष्कळ यंत्रांत असतो. त्याची कंपनीच सांगते की १०० मायक्रोग्रॅमपर्यंत १० इकडेतिकडे होऊ शकतं. तेव्हा तुमचा २२ आणि मैत्रिणीचा ३५ दाखवत असेल, तर दोघींपैकी कोणाचंच यंत्र बिघडलेलं नसेल.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत फसवणूक जास्त आहे. खरा सेन्सर अवरक्त प्रकाशावर चालतो, आणि वर्णनात 'एनडीआयआर' किंवा 'फोटोअकूस्टिक' असा शब्द असतो. स्वस्त यंत्रात मात्र 'ईसीओटू' लिहिलेलं सापडेल. तो कार्बन डायऑक्साइड नव्हेच. वास, वाफा, स्पिरिट ओळखणाऱ्या सेन्सरवरून काढलेला तो अंदाज असतो. कांदा परतला की तो २००० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत किती, ते माप) जाणार, आणि बंद खोलीत चार माणसं झोपली तरी कदाचित हलणारही नाही. तुमचं यंत्र असं असेल तर पायरी ७ सोडून द्या, त्या आकड्याकडे पाहूच नका.

एक सोपी खूण: पीएम, कार्बन डायऑक्साइड आणि फॉर्माल्डिहाइड हे तिन्ही आकडे नेहमी एकाच वेळी, एकाच तालात वरखाली होत असतील, तर आत एकच सेन्सर आहे आणि बाकी सगळं गणित आहे. असं यंत्र दुरुस्त होत नाही. परत करता येत असेल तर करा.

२. आकडा कोणत्या मापात आहे?

माझ्या व्हॉट्सॲपवर येणाऱ्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. स्क्रीनवरचा मोठा आकडा मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे की एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक? आणि एक्यूआय असेल तर भारताचा की अमेरिकेचा?

हवेत पीएम २.५ समजा ४५ मायक्रोग्रॅम आहे. भारताच्या पद्धतीने त्याचा निर्देशांक ७५ च्या आसपास येतो, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकेच्या २०२४ मध्ये बदललेल्या पद्धतीने तोच १२४ च्या आसपास जातो आणि पट्टी नारिंगी होते. हवा तीच, खोली तीच. पुष्कळ आयात यंत्रं कारखान्यातून अमेरिकन मापावरच येतात. सेटिंगमध्ये जाऊन सरळ मायक्रोग्रॅमवर ठेवा. रंगांकडे दुर्लक्ष करा.

शिवाय आपला एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर काढतात. तुमचं यंत्र या मिनिटाचं सांगतं. फोडणीच्या वेळचा ३०० हा 'अति वाईट हवेचा दिवस' नसतो, ती पाच मिनिटांची फोडणी असते.

३. जागा बदला

जमिनीपासून साधारण एक ते दीड मीटर उंच, भिंतीपासून वीतभर पुढे, पंख्याच्या आणि एसीच्या झोतात नाही, गॅसजवळ नाही, देवघराच्या फळीवर तर अजिबात नाही (आमचा पहिले चार दिवस तिथेच होता, कारण प्लग तिथे होता). उन्हाची तिरीप थेट यंत्रावर येत असेल तर प्रकाश आत शिरून आकडा बिघडू शकतो. हवा आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची अशी दोन्ही भोकं मोकळी हवीत. शोभेच्या टोपलीत किंवा पडद्यामागे लपवू नका.

४. आठ दिवस वही लिहा

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून सगळे टाळतात. तीच सगळ्यात जास्त उलगडा करते.

तीन रकाने पाडा: वेळ, आकडा, घरात आणि बाहेर काय चाललं होतं. प्रत्येक मिनिटाचं नको, आकडा उसळला की लिहा. आमच्या वहीत आठ दिवसांत जे निघालं ते असं. सकाळी पावणेसातला आईंची उदबत्ती आणि धूप. सव्वासातला बाथरूमचं दार उघडलं की गरम पाण्याची वाफ, कारण लेसरला पाण्याचा थेंब आणि धुळीचा कण यांतला फरक कळत नाही. नऊला केरसुणी. साडेबाराला फोडणी, आणि मिरचीचा ठसका असेल तर आकडा दुप्पट. संध्याकाळी मच्छर कॉइल. शनिवारी गॅसवर भाजलेले पापड, तो त्या आठवड्याचा उच्चांक.

आता यातलं खोटं किती? फक्त बाथरूमची वाफ. बाकी सगळे कण खरेच हवेत होते आणि आपण ते श्वासातून घेत होतो. सकाळचा बंबाचा धूरही खरा होता. मी मात्र त्यासाठी यंत्र बदलून आणलं.

घरात अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर असेल तर त्याचीही नोंद करा. बोअरिंगचं क्षारयुक्त पाणी घातलं तर तो पाण्यासोबत क्षारही हवेत उडवतो आणि पीएमचा आकडा शंभरी पार जातो. फर्निचरवर पांढरी भुकटी दिसली तर समजा हेच.

वीओसीचा (हवेत उडून जाणाऱ्या रसायनांच्या वाफांचा) आकडा असेल तर त्याचं वेगळं ऐका. पुष्कळ यंत्रांत तो मागच्या दिवसाच्या तुलनेत 'जास्त की कमी' एवढंच सांगतो. सॅनिटायझर, नेलपॉलिश, नवा रंग, अत्तर यांनी तो उडतो. वीज जाऊन आली की त्याला पुन्हा बस्तान बसवायला तास, कधी दिवस लागतात. तोवरचे आकडे लिहूच नका.

५. ओलाव्याचा हिशेब करा

नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर, आणि नोव्हेंबरनंतरच्या थंड पहाटे, या दोन वेळी लोक यंत्राला शिव्या घालतात. हवेतला ओलावा ७०–७५ टक्क्यांच्या वर गेला की बारीक कण पाणी पिऊन फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, यंत्र त्याला जास्त वजनाचा समजतं. धुकं असेल तर विचारायलाच नको. सरकारी केंद्रांत आत घेतलेली हवा आधी गरम करून ओलावा कमी करतात. घरगुती यंत्रात ती सोय नसते.

पण थांबा. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार होऊन बसून राहते आणि धूर खरोखरच खाली साचतो. त्यामुळे थंडीतल्या पहाटेचा सगळा आकडा ओलाव्याच्या नावावर खपवू नका. दुपारी हवा कोरडी झाली की पुन्हा पाहा, आणि पहाटेच्या आकड्यातला थोडा भाग फुगवटा धरा.

यासाठी आर्द्रता नीट कळायला हवी, आणि मॉनिटरची स्वतःची आर्द्रता बहुतेकदा चुकते. आतल्या वायफायच्या चिपमुळे यंत्र गरम होतं. खोली २४ अंश असताना ते २७ दाखवतं आणि खरी ८० टक्के आर्द्रता ६७ दिसते. तुम्ही म्हणता ओलावा काही नाही, मग आकडा का वाढला? म्हणून वेगळा हायग्रोमीटर घ्या.

तोही बरोबर आहे का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, विरघळवू नका. ते झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट डब्यात आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता होते. हायग्रोमीटर ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात ५ मिळवा. मॉनिटर मात्र या डब्यात घालू नका, त्याच्या उष्णतेने सगळंच गणित बिघडतं.

६. पीएमच्या दोन चाचण्या

शून्याची चाचणी: कोणाकडे हेपा फिल्टरचा (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर असेल तर अर्धा दिवस मागून आणा. छोटी खोली बंद करा, प्युरिफायर पूर्ण वेगाने तासभर चालवा, मॉनिटर त्याच्या हवेच्या वाटेत पण हातभर लांब ठेवा. आकडा ० ते ५ मध्ये यायला हवा. १५–२० वर अडून बसला तर आत धूळ साचली आहे.

धुराची चाचणी: पंखा बंद करा. एक अगरबत्ती मॉनिटरपासून दोन मीटरवर मिनिटभर जाळा आणि विझवा. दोन-तीन मिनिटांत आकडा चढायला हवा, मग दार उघडल्यावर हळूहळू उतरायला हवा. चढलाच नाही, तर यंत्रातला छोटा पंखा बंद पडला असेल. कान लावून ऐका, बारीक घरघर येते. थेट ९९९ वर जाऊन तिथेच अडकला तर सेन्सर गेला किंवा आत काहीतरी आहे. अगरबत्ती भोकाशी धरू नका. माझ्या दिरांनी 'बघू काय होतं' म्हणून धरली होती. धुरातला चिकटपणा काचेवर बसतो आणि मग शून्य कधीच येत नाही.

एका गोष्टीची तयारी ठेवा. रस्त्याचं काम चालू आहे, खिडकीच्या गजावर धुळीचा थर आहे, आणि यंत्र पीएम १० (दहा मायक्रोमीटरपर्यंतचे कण) फक्त ६० म्हणतंय. हा बिघाड नव्हे, या सेन्सरची मर्यादा आहे. जाडी धूळ तो नीट पकडतच नाही, पीएम १० चा आकडा बव्हंशी बारीक कणांवरून ताडतो. जाड्या धुळीसाठी बोटाने खिडकी पुसून पाहणं जास्त विश्वासाचं.

७. कार्बन डायऑक्साइड: मला फसवलेला आकडा

या सेन्सरला मूळ पातळी आठवत राहावी लागते. त्यासाठी पुष्कळ यंत्रांत आपोआप कॅलिब्रेशन (आकडा मूळ पातळीशी जुळवून घेणं) चालू असतं: आठवडाभरात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची मोकळी हवा, म्हणजे साधारण ४००, असं ते गृहीत धरतं. आमचा मॉनिटर बेडरूममध्ये, खिडक्या धुळीच्या भीतीने दिवसरात्र बंद. त्या खोलीत ५५० च्या खाली हवा कधी गेलीच नाही. यंत्राने त्यालाच ४०० मानलं. रात्री ९०० दिसायचा तेव्हा खरा आकडा हजारावर होता.

हे कळलं कसं? मॉनिटर पॉवर बँकेला लावून गच्चीवर सावलीत नेला. आकडा २७० वर आला. आज पृथ्वीवर कुठेच मोकळ्या हवेत एवढा कमी कार्बन डायऑक्साइड नाही, बाहेर ४२० च्या वरच असतो.

तुम्हीही करा. गच्चीवर सावलीत अर्धा तास ठेवा, स्वतः दोन पावलं लांब उभे राहा, कारण आपल्या श्वासात तो हजारोंनी असतो. ४०० ते ४६० आला तर ठीक. नाहीतर तिथेच मॅन्युअल कॅलिब्रेशन करा. ही सोय बहुधा सेटिंगमध्ये आत कुठेतरी दडलेली असते. मग घरात आठवड्यातून एकदा तरी खिडक्या सताड उघडा, म्हणजे आपोआपचं कॅलिब्रेशन पुन्हा वाट चुकणार नाही.

आणखी एक, खास आपल्यासाठी. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के कमी. सेन्सर रेणू मोजतो, त्यामुळे खऱ्या १००० च्या जागी ९३० च्या आसपास दाखवू शकतो. सेटिंगमध्ये उंची टाकायची जागा असेल तर ६०० टाका. मुंबईतल्या भावाच्या सेटिंगची नक्कल करू नका.

८. चार्जर

यंत्रासोबत आलेलाच वापरा. जुना मोबाईलचा चार्जर आणि तीन मीटरची केबल लावली की पंख्याला पुरेसे ५ व्होल्ट मिळत नाहीत, आकडे नाचतात. शंका असेल तर तासभर पॉवर बँकेवर चालवा. नाच थांबला तर चार्जर बदला.

९. सफाई

जुलैत एकदा आमचा आकडा ३८० वर चिकटला. बाहेर पाऊस, घरात स्वयंपाक नाही, पंख्यातून खरखर आवाज. ट्यूबलाइटभोवती जमणारा एक पावसाळी किडा आत जाऊन बसला होता.

यंत्र बंद करा, प्लग काढा. रबरी फुग्याने हवेच्या भोकांत चार-पाच फुंकरी मारा, मऊ ब्रशने बाहेरची जाळी साफ करा. ओलं फडकं, स्पिरिट, कॉम्प्रेसरची जोरदार हवा नको. आणि सेन्सरची सीलबंद डबी उघडू नका, आत लेसर आहे, डोळ्याला इजा होऊ शकते. सफाईनंतर पायरी ६ पुन्हा करा. सतत चालू ठेवलं तर काही लेसर साधारण वर्षभरातच थकायला लागतात. यंत्रात 'दर काही मिनिटांनी मोजा' असा पर्याय असेल तर तो निवडा.

१०. सरकारी केंद्राशी तुलना

शहरात गंगापूर रोड, हिरावाडी, पांडव नगरी आणि अंबड एमआयडीसी इथे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवा मोजणारी केंद्रं आहेत. 'समीर'वर त्यांचा एक्यूआय दिसतो, मायक्रोग्रॅममधले आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. घराजवळचं निवडा. पंचवटीत राहून अंबडशी तुलना करू नका.

मॉनिटर तीन दिवस बाल्कनीत, पावसापासून झाकून ठेवा. मग तुमची २४ तासांची सरासरी केंद्राच्या २४ तासांच्या सरासरीशी ताडा, तीही मायक्रोग्रॅममध्ये. केंद्र ४०, तुमचं ५२, उद्या केंद्र ६०, तुमचं ७५, असं असेल तर यंत्र चांगलं आहे, फक्त थोडं जास्त बोलतं. तो फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. केंद्र वाढलं आणि तुमचं घटलं, तर मात्र काळजी करा. घरातला आकडा आणि बाहेरचं केंद्र यांची तुलना कधीच करू नका, त्या दोन वेगळ्या हवा आहेत.

११. एवढं करूनही पटलं नाही तर तक्रार

'रीडिंग चुकीचं येतंय' एवढंच लिहिलंत तर 'रीस्टार्ट करा' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी शून्याच्या आणि धुराच्या चाचणीचा सलग व्हिडिओ, तीन दिवसांची तुलना, सिरियल नंबर, बिल आणि फर्मवेअरचा (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) क्रमांक पाठवा. फोनवर बोललात तरी नंतर सगळं ईमेलने पाठवा, तारीख राहते. वॉरंटीत असून टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मूळ खोका फेकून देऊ नका. आमच्या दुकानदाराने खोक्याशिवाय यंत्र हातात घ्यायलाच नकार दिला होता, आणि खोका तोवर रद्दीत गेला होता.

बदललेलं यंत्र घरी आलं आणि जुनंही अजून हाताशी असेल, तर दोन-तीन दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालू ठेवा आणि रोजचा फरक त्याच वहीत लिहा. आधीच्या महिन्यांचे आकडे नव्या यंत्राच्या भाषेत वाचायला तोच फरक लागतो.